सोलो बिग वॉल: बॅग ओढायची कशी, आणि त्याआधी सोडायची कशी

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही मूळचे पुण्याचे, सह्याद्रीत सात-आठ वर्षं क्लाइंबिंग केलंय, आता नोकरीसाठी बे एरियात आहात. योसेमिटीत (कॅलिफोर्नियातली उंच कड्यांची दरी) दोन बिग वॉल, म्हणजे वर मुक्काम करत चढायच्या उंच भिंती, पार्टनरबरोबर झाल्यात आणि येत्या सप्टेंबरात एकट्याने एड करत, म्हणजे खडकात लावलेल्या गिअरवर वजन टाकत, जायचंय, वॉशिंग्टन कॉलमचा साउथ फेस नाहीतर लीनिंग टॉवरचा वेस्ट फेस. घराजवळच्या एका कड्यावर पाणी-सामानाची ४८ किलोची बॅग ३:१ पुली लावून (तीन मीटर दोर ओढला की बॅग एक मीटर वर) ओढून बघितली, ४० मिनिटांत जेमतेम १५ मीटर वर आली आणि हातातलं त्राण गेलं. म्हणून विचारताय की ३:१ ठेवू की २:१ करू, पुली कुठली घेऊ, आणि ६८ किलोच्या माणसाला हे एकट्याने झेपतं का.

झेपतं. मी ५४ किलोची आहे, तीन वॉल सोलो केल्यात, तुमच्या मनातल्या दोन्ही त्यात आल्या. पण तुम्ही सगळं ओढण्याबद्दल विचारलंय, आणि माझ्या अनुभवात एकट्या माणसाची अडचण ओढण्यात नसते, बॅग सोडण्यात असते. दोघं असता तेव्हा लीडर, म्हणजे पुढे चढणारा, वर पोचतो, आवाज देतो, खालचा बॅग मोकळी करतो, ती कुठे अडकली तर झुमारिंग करत (दोरावर सरकणाऱ्या पकडींनी दोर चढत) येताना एक लाथ मारून सोडवतो. या खालच्या माणसाचं काम इतकं सहज होऊन जातं की ते काम आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. एकटं असताना क्रम असा होतो: पिच (दोन स्टेशनांमधला, एका दोरात मावणारा टप्पा) चढायची, वर रोप फिक्स करायचा, म्हणजे बांधून ठेवायचा, हॉल लाइनवरून (बॅग ओढायच्या दोरावरून) रॅपल करत, म्हणजे दोरावर लटकत उतरत, परत खाली यायचं, बॅग सोडायची, स्टेशन (बोल्टवर बांधलेला अँकर) उचलायचं, लीड रोपवर (चढताना वापरलेल्या दोरावर) झुमार लावून गिअर काढत परत वर जायचं, आणि मग ओढायला सुरुवात. म्हणजे प्रत्येक पिच दोनदा वर, एकदा खाली. आणि बॅग हलायला लागते तेव्हा तुम्ही तिच्यापासून अख्खी पिच वर असता, खाली कुणीच नसतं. तिथून तुम्ही फक्त ओढू शकता, दुसरं काहीही करू शकत नाही. म्हणून जे काही नीट करायचं ते आधीच, खालच्या स्टेशनवर आणि खाली उतरण्याआधी वरच्या स्टेशनवर, करून ठेवावं लागतं.

आता यातलं बरंच परिस्थितीवर आहे हे कबूल करते. भिंत किती खडी आहे, पिच सरळ जाते की आडवी, बॅग किती जड, वारा कसा आहे, आणि तुमचं स्वतःचं वजन किती. माझी सिस्टिम ९० किलोच्या माणसाला उगाच किचकट वाटेल, त्याने खुशाल साधी ठेवावी.

आधी रूटचं बोलू, कारण तुमचे दोन पर्याय हॉलिंगच्या बाबतीत अगदी उलटे आहेत. साउथ फेस लेटन कोर आणि ख्रिस फ्रेडरिक्स यांनी १९६४ मध्ये केला, ११ पिचेस, तिसऱ्या पिचच्या डोक्यावर डिनर लेज (कड्यातला कट्टा) आणि चौथ्या पिचला कोर रूफ (छपरासारखा बाहेर आलेला खडक). डिनर लेजपर्यंतचा भाग तिरका आहे, मध्ये पायऱ्या, कोपरे, फटी, तिथे बॅग घासत येते आणि अडकते. म्हणजे हॉलिंगला वाईट. पण अशा तीनच पिचेस! त्यानंतर बॅग डिनर लेजवर ठेवायची, पुढच्या एक-दोन पिचेस चढून तिथे दोर फिक्स करून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी हलकं होऊन वर जायचं आणि रॅपल करत लेजवर परत यायचं, बहुतेक लोक हेच करतात. लीनिंग टॉवरचा वेस्ट फेस हार्डिंग, डेनी आणि मॅक्डोनाल्ड यांनी १९६१ मध्ये केला आणि रॉयल रॉबिन्सने १९६३ मध्ये तो सोलो केला, तेव्हा एकट्याने जायचा विचार तुम्हालाच पहिल्यांदा सुचलाय असं नाही. तिथे भिंत इतकी बाहेर झुकलेली आहे की बॅग हवेत लटकत येते, कशालाच लागत नाही, ओढायला स्वर्ग. पण तुम्ही रॅपल करून खाली येता तेव्हा तुम्हीही हवेतच लटकता, स्टेशन चार-पाच मीटर लांब भिंतीत. आणि मध्येच माघार घ्यायची म्हटली तर अवघड प्रकरण. माझं मत, पहिली सोलो साउथ फेस करा. तीन पिचेस बॅगशी भांडण होईल, पण माघार सोपी आहे आणि सिस्टिमच्या सगळ्या चुका डिनर लेजच्या खालीच कळून येतील.

आणि साउथ फेस करणार असाल तर ४८ किलो कशाला? डिनर लेज ऐसपैस आहे, पोर्टालेज (भिंतीवर टांगायची खाट) लागत नाही, तिथेच पाच-सहा किलो कमी झाले. दोन रात्री धरल्या तर पाणी दिवसाला चार लिटर धरून १२ लिटर पुरे, ऊन तापलेलं असेल तर १४. खाणं दिवसाला किलोभर. स्लीपिंग बॅग, मॅट, जॅकेट मिळून तीन-चार किलो. रॅक, म्हणजे चढायचं गिअर, आणि लीड रोप तर तुमच्या अंगावर असतो, बॅगेत नाही. मला तरी हा हिशोब २५ ते २८ किलोच्या वर जाताना दिसत नाही. हॉल बॅग मोठी असली की आपण ती भरतो, सगळ्यांचं होतं, म्हणून घरी वजनकाट्यावर ठेवा आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा की हिच्याशिवाय काय बिघडेल. पाणी सोडून. पाणी कमी करू नका. बाटल्या दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या घ्या, डक्ट टेप गुंडाळून दोरीचा फास करा, एक-दोन बाटल्या भरून खांद्याच्या उंचीवरून खाली टाकून बघा, त्यात टिकल्या तर वॉलवर टिकतात.

आता मुख्य भाग. पिच संपवून तुम्ही वरच्या स्टेशनवर पोचलात. स्वतःला बोल्टवर बांधलंत, लीड रोप फिगर ऑफ एटने फिक्स केलात. आता हॉल लाइन, जिचं एक टोक तुमच्या हार्नेसला मागे आहे आणि दुसरं खाली बॅगला. पिच ३५ मीटरची आणि दोर ६० चा, म्हणजे २५ मीटर ढील आहे, ती वर ओढून घ्यायची. मग दोर प्रो ट्रॅक्सिऑनमध्ये (दोर एकाच दिशेने जाऊ देणारी, दात असलेली पुली) घालायचा, दात बंद करायचे, आणि पुलीच्या मागच्या बाजूला, म्हणजे मोकळ्या बाजूला, गाठ मारून ती वेगळ्या कॅराबिनरने अँकरला लावायची. सरळ गाठ मारून तिच्यावरच दोर का नाही लटकवायचा, कारण थोड्या वेळाने त्या दोरावर बॅगेचं वजन येणार आहे आणि वजनाखालची गाठ एकट्याने सुटत नाही. पुलीत असेल तर परत आल्यावर मागची गाठ सोडली की थेट ओढायला सुरुवात. ट्रॅक्सिऑनचे दात उघडे लॉक होऊ शकतात, सामान भरताना धक्क्याने पण होतात. म्हणून मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, बोट घालून दात फिरतात का बघते आणि खालच्या दोराला अंगाचा झटका देते, मगच ग्रीग्री (दोर आपोआप अडवणारं साधन, यावरूनच रॅपल करते) लावते.

किती ढील ठेवायची, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे पण माझा सगळ्यात वाईट दिवस यातच गेला. दोर अगदी ताठ केला तर ग्रीग्रीमध्ये जात नाही आणि रॅपल करता येत नाही. जास्त ढील ठेवली तर खाली बॅग सोडताना ती तेवढी खाली येईपर्यंत वजन हॉल लाइनवर येत नाही. मी ताठ ओढते, मग दात उघडून एक वाव, म्हणजे दोन हात पसरून जेवढं होतं तेवढं, परत देते. त्या दिवशीही तेच केलं. वरून दोर मस्त ताठ लागला, एक वाव सोडला, खाली यायला लागले. निम्म्या वाटेवर दिसलं की दोर एका पातळ फ्लेकच्या, म्हणजे भिंतीपासून सुटलेल्या खडकाच्या पापुद्र्याच्या, मागे गेलाय. मी वरून ताठ समजत होते तो बॅगेपर्यंत ताठ नव्हताच, त्या फ्लेकपर्यंत ताठ होता. फ्लेकमागून काढला आणि खाली पाच-सहा मीटरचा झोल लोंबायला लागला. तेव्हा माझी डॉकिंगची दोरी, जिच्यावर बॅग स्टेशनला लटकवतो ती, होती चार मीटरची. मी मंटर हिचवरून (कॅराबिनरवरची गाठ, घर्षणाने दोरी हळू सोडता येते) सोडत गेले, सोडत गेले, आणि दोरीचं टोक हातात आलं तेव्हा हॉल लाइन अजून ढिलीच. ४० किलोची बॅग एका हातात, परत वर खेचता येत नाही, आणि सोडली तर दीड-दोन मीटर पडून सगळा झटका वर ट्रॅक्सिऑनच्या दातांवर. पायाला दोरी गुंडाळून, दातांत टोक धरून, डॉकिंग परत म्यूल नॉटने (मंटर अडवून धरणारी, वजनाखालीही सुटणारी गाठ) बांधलं, तेही टोकाला वीतभर दोरी शिल्लक असताना. मग लोअर आउटची, म्हणजे बॅग झोका न घेता हळूहळू सोडायची, वेगळी ८ मिलिमीटरची २० मीटर दोरी बॅगच्या वरच्या खिशातून काढली, ती बॅगला आणि दुसऱ्या मंटरने बोल्टला लावली, वजन तिच्यावर घेतलं आणि हळूहळू उतरवलं. अर्धा तास गेला असेल, पण ते टोक जवळ येतानाचं अजून आठवतं.

त्यानंतर माझ्याकडे डॉकिंगची दोरी ८ मिलिमीटर, १० मीटर असते. लोक सात मीटर पुरे म्हणतात, असेलही, पण जास्तीच्या तीन मीटरचं वजन काही नाही. ती बॅगला कायमची बांधलेली, स्टेशनच्या कॅराबिनरमध्ये मंटर, त्यावर म्यूल, त्यावर साधी गाठ. हे तीन टप्पे वजनाखाली सोडता येतात, हाच त्याचा उपयोग. बॅग स्लिंगने नाहीतर नुसत्या कॅराबिनरने बोल्टला कधीच लावू नका. दोघं असता तेव्हा दोघं मिळून उचलून काढता, एकटे असता तेव्हा ४० किलो उचलून कॅराबिनर उघडणं हे होतच नाही, मग माणूस सुरी शोधायला लागतो. दुसरी सवय म्हणजे रॅपल करताना नुसतं खाली बघत यायचं नाही, दर तीन-चार मीटरवर थांबून हॉल लाइन फटीतून, फ्लेकमागून बाहेर काढून मोकळ्या भिंतीवर टाकत यायची. ही तुमची एकमेव संधी आहे, बॅग नंतर याच वाटेने येणार आहे.

झुकलेल्या भिंतीवर रॅपल करताना हॉल लाइनचं खालचं टोक बॅगला बांधलेलं असतं आणि बॅग स्टेशनला, म्हणून तोच दोर हाताने ओढत तुम्ही स्वतःला स्टेशनकडे खेचून घेता. या कारणासाठी खालचं टोक कुठल्याही सबबीवर सोडायचं नाही. सोडून वर गेलात आणि पिच बाहेर झुकलेली असेल तर परत आल्यावर स्टेशन समोर दिसतं आणि हात पोचत नाही.

खाली पोचलात की आधी बॅग, मग स्टेशन, हा क्रम मोडू नका. स्वतःला बांधा, सगळे जास्तीचे स्लिंग बॅगवरून काढा (एक बॅकअप स्लिंग राहिला की बॅग अर्ध्यावर अडकते, आणि तो आता वजनाखाली), मग म्यूल सोडून मंटरवरून हळूहळू. पिच सरळ असेल तर बॅग तुमच्या शेजारीच लटकते, उरलेली दोरी नीट खिशात कोंबा. पिच आडवी असेल तर बॅग झोका घेत लांब जाणार, तिथे डॉकिंगची दोरीच लोअर आउटचं काम करते, पुरत नसेल तर ती लांब दोरी. सुटलेलं टोक बॅगेमागे लोंबत जातं, म्हणून त्या टोकाला गाठ मारू नका. एरवी आपण प्रत्येक टोकाला गाठ मारायला शिकलोय, इथे ती गाठ फटीत जाऊन बसते आणि वर बसून तुम्हाला कळत नाही की बॅग का येत नाहीये. त्याऐवजी टोक किती उरलंय त्यावर नजर ठेवा.

बॅग वरच्या अँकरवर लटकली, दोर ताठ झाला, मग तुम्ही लीड रोपवर दोन्ही झुमार लावा, वजन टाका, दर काही मीटरवर बॅकअपची गाठ हार्नेसला घेत जा, आणि आता खालचं स्टेशन मोकळं करा. निघण्याआधी एकदा बोल्टकडे बघायचं, काही राहिलं का. एकटं असताना राहिलेल्या एका कॅराबिनरसाठी परत उतरायचं म्हणजे तास गेला.

आता ओढणं, जे तुम्ही विचारलं होतं. ३:१ मध्ये ४० मीटर पिचला १२० मीटर दोर ओढावा लागतो, वर प्रत्येक वळणाला घर्षण, आणि सारखं रीसेट. तुमचे हात गेले ते याने, ताकद कमी पडली म्हणून नाही. हातांनी ओढूच नका. रॉबिन्स वगैरे मंडळींनी १९६० च्या दशकात पुली आणि झुमारची जी पद्धत बसवली तिचं मर्म हेच की ओढायचं अंगाच्या वजनाने आणि पायांनी. मोकळ्या बाजूच्या दोरावर झुमार, तो हार्नेसला जोडलेला, आणि तुम्ही बसता, पायाने भिंतीला रेटता, त्याच वेळी दोन्ही हातांनी बॅगच्या बाजूचा दोर वर उचलता. मग उभं राहायचं, झुमार वर सरकवायचा, परत बसायचं. जागा असेल तर मी लीड रोपवर ग्रीग्रीने पाच-सहा मीटरची मोकळीक घेते आणि दोराला लटकून भिंतीवरून चालत खाली जाते, बॅग तेवढीच वर येते, मग झुमार लावून परत स्टेशनपर्यंत. दम लागतो पण वेळ खूप वाचतो.

माझा अंदाज असा: बॅग तुमच्या अंगावरच्या सामानासकट वजनाच्या निम्मी किंवा कमी असेल तर १:१, म्हणजे पुलीचा फायदा न घेता सरळ, आरामात. दोन-तृतीयांशापर्यंत खड्या भिंतीवर १:१ होतं, दमवतं. त्याच्या वर किंवा तिरक्या भिंतीवर २:१. तुम्ही ६८ आणि सामान धरून ७६-७७, म्हणजे २८ किलोची बॅग १:१ ने यायला हवी, फक्त डिनर लेजच्या खालच्या तिरक्या भागासाठी २:१ तयार ठेवा. ३:१ मी फक्त अडकलेली बॅग एक-दोन मीटर हलवायला वापरते.

२:१ साठी हॉल लाइनशी खेळत बसू नका, वेगळी ६ मिलिमीटरची चार मीटर दोरी ठेवा. तिचं एक टोक अँकरला, तिथून ती खाली येते आणि बॅगच्या बाजूच्या दोरावर लावलेल्या छोट्या झुमारच्या पुलीतून जाते, परत वर अँकरवरच्या दुसऱ्या पुलीतून, आणि मग तुमच्या हार्नेसला. तुम्ही एक मीटर बसलात की बॅग अर्धा मीटर येते, ट्रॅक्सिऑन ती धरून ठेवतं. दोन छोट्या युक्त्या: खालच्या झुमारला अर्धी भरलेली पाण्याची बाटली लटकवा, म्हणजे तुम्ही उभं राहिलात की तो आपोआप खाली सरकतो. आणि ट्रॅक्सिऑनमधून बाहेर येणाऱ्या दोरालाही थोडं वजन द्या, नाहीतर प्रत्येक वेळी हाताने ओढून घ्यावा लागतो. दर दहा मीटरला मागे गाठ मारून अँकरला लावायची, दातांवर एकट्यावर अख्खी बॅग सोडायची नाही. खाली दुसरी पार्टी असते आणि पडलेली बॅग माणूस मारते.

पुली: मुख्य जागी प्रो ट्रॅक्सिऑन, २:१ मध्ये मायक्रो ट्रॅक्सिऑन किंवा साधी बेअरिंगची पुली. मायक्रो छान आहे पण चाक लहान, मुख्य जागी ती लावून रोज जड बॅग ओढली की फरक खांद्यांना कळतो. हॉल लाइन स्टॅटिक, ९ ते १० मिलिमीटर, त्याहून बारीक नको कारण तुम्ही स्वतः तिच्यावर रॅपल करणार आहात.

बॅग अडकणं. साउथ फेसच्याच दुसऱ्या पिचला माझी बॅग एका छोट्या छपराखाली तीन वेळा बसली. दर वेळी लीड रोपवरून खाली जा, बॅग फिरव, वर ये, चार हात ओढ, परत तेच. तिसऱ्या वेळी बॅगेजवळ लटकून नीट बघितलं तेव्हा कळलं की बॅग अडकतच नाहीये, बॅगेच्या डोक्यावरची गाठ आणि पट्ट्यांचा गुंता छपराच्या कडेखाली पाचरीसारखा बसतोय. त्या रात्री पाण्याची एक रिकामी बाटली आडवी कापली, वरचा निमुळता भाग उलट्या नरसाळ्यासारखा हॉल लाइनमध्ये ओवला, तोंड वर आणि रुंद बाजू गाठीवर. कडेला लागलं की ती घसरून बाहेर येते. जुनी युक्ती आहे, मला माहीतही होती, फक्त केली नव्हती. सोबत एक स्विव्हल लावा म्हणजे बॅग फिरली तरी दोराला पीळ पडत नाही. बॅग बाहेरून गुळगुळीत हवी, खांद्याचे पट्टे आत कोंबलेले, बाहेर काहीही लटकवलेलं नको, आणि जड सामान तळाला म्हणजे ती उभी राहते. एवढं करूनही अडकली तर आधी नेटाने ओढू नका, ती अजून घट्ट बसेल. थोडी वर घेऊन दात उघडा, मीटरभर खाली सोडा, दोर बाजूला हलवून झोका द्या आणि झोक्यातच ओढा. दोन-तीनदा करून नाही झालं तर उतरायचं.

कुणीतरी तुम्हाला फिफी हुकची कल्पना सांगितली आहे, म्हणजे बॅग हुकवर टांगायची आणि वरून ओढली की हुक आपोआप सुटतो, परत खाली यायच्या आधीच बॅग वर. मी करून बघितलंय आणि सोडून दिलंय. पिच आडवी असेल तर चालत नाही, आणि तुम्ही लीडवर असताना धक्क्याने हुक सुटला तर बॅग दोराच्या सगळ्या ढिलीएवढी पडते, आणि तो दोर तुमच्या हार्नेसला आहे.

दोरांचा गुंता हा अर्धा वाऱ्याचा प्रश्न आहे. योसेमिटीत दुपारी वारा दरीतून वर चढतो आणि लोंबता दोर कोपऱ्याच्या पलीकडे नेऊन टाकतो, जिथे तुम्हाला तो दिसतही नाही. दोन रोप बॅग घ्या, दोन रंगांचे दोर, आणि कुठलाही दोर लोंबता ठेवू नका. लीड रोपचं वेगळं पुराण आहे, इथे एवढंच: वर गेल्यावर रोपचं स्वतःचं वजन ग्रीग्रीमधून ढील ओढून घेतं, तेव्हा दर काही पीसेसवर (खडकात लावलेल्या गिअरवर) रबर बँड किंवा छोट्या प्रुसिकने (दोराभोवती आवळणाऱ्या फासाने) रोप धरून ठेवा. आणि सोलो लीड हा ग्रीग्रीचा उत्पादकाने सांगितलेला वापर नाही, म्हणून मोकळ्या बाजूला बॅकअपच्या गाठी हव्यातच. खालचं स्टेशन वरच्या दिशेचा झटका घेईल असं बांधा. आपण सह्याद्रीत आर्टिफिशियल, म्हणजे एड, करायचो तेव्हा टीम मोठी, सामान बेसला, आणि बिलेला (दोर सांभाळायला) माणूस, त्यामुळे या गोष्टी हाताला लागलेल्या नसतात. त्या शिकाव्याच लागतात.

प्रॅक्टिससाठी तुमचा तो १५ मीटरचा कडा पुरे आहे, पण बॅग ओढण्याची प्रॅक्टिस करू नका, पूर्ण चक्राची करा. बॅग डॉक करा, एडने वर जा, फिक्स करा, उतरा, सोडा, झुमारिंग, मग ओढा. दिवसात चार वेळा. एकदा मुद्दाम अंधारात हेडटॉर्चवर. वॉलवर अख्ख्या पिचच्या एका चक्राला मला पहिल्यांदा पाच तास लागले होते, आता साडेतीनच्या आसपास, म्हणून बॅग ओढायच्या पिचेस दिवसाला दोनच धरून पाणी मोजा. रात्री वॉलवर राहायला योसेमिटीत परमिट लागतं, फुकट आहे, आणि स्वतःची विष्ठा बॅगमध्ये भरून खाली आणायची असते, त्याची वेगळी ट्यूब बॅगेच्या खाली लटकवा. बाहेर लटकायची परवानगी असलेली ती एकच गोष्ट.

उतरण्याचं राहिलं. डिनर लेजवरून खाली येताना बॅग पाठीवर घेऊन रॅपल करू नका, उलटे व्हाल. बॅग उतरायच्या डिव्हाइसच्या कॅराबिनरलाच छोट्या स्लिंगने लावा, म्हणजे वजन सरळ दोरावर जातं आणि ती तुमच्या पायांमध्ये लटकते. खाली प्रुसिकचा बॅकअप ठेवा. तोपर्यंत पाणी संपलेलं असतं, बॅग १५ किलोची झालेली असते, तिरक्या भागात ती पायाने ढकलत ढकलत उतरावं लागतं. वजनकाट्यावर नेमका किती आकडा येतो तो कळवा, त्यावरून २:१ ची दोरी न्यायची की घरी ठेवायची ते सांगते.